जी गोष्ट मी लिहिली नाही म्हणालो

डोमा, येत्या सोमवारी तुझी तेरवी आहे आणि मला भीती वाटते.

दुःख होतंय असं लिहायला हवं होतं. ते होतंच आहे. पण तू मला ओळखतोस. माझ्या मनात काहीही यायचं असलं तरी त्याच्याआधी भीती येऊन बसलेली असते, गाडी यायच्या आधी फलाटावर कुत्री येऊन बसतात तशी. तू गेल्याचं मला तुमच्या मासेमारांच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, एका माणसाकडून कळलं. मासळीची टोपली स्टेशनातल्या माझ्या पार्सलच्या खिडकीत ठेवून तो म्हणाला, "डोमा परवा गेला ना बाबू. कावीळ झाली होती." मी हातातल्या पावतीवर सवयीनं तुझं नाव लिहून बसलो होतो. ते खोडलं, त्याचं लिहिलं, टोपली नागपूर पॅसेंजरमध्ये चढवली आणि गाडी सुटल्यावर मागच्या खोलीत जाऊन रडलो. खोलीचं दार आधी लावून घेतलं. तेवढं भान मला रडतानाही होतं.

तुझ्या घरी मात्र गेलो नाही. वरठीहून तुझी टोली सायकलवर किती लांब? आंधळगावच्या अलीकडे तर आहे. रोज सकाळी वाटायचं, आज जाऊ. रोज काहीतरी निघायचं. सहाव्या दिवशी तुझी घरची, कौशीवहिनी, स्वतःच स्टेशनवर आली. पार्सलच्या बाकावर टेकली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि म्हणाली, "सुतकात बाहेर निंगू नाई म्हनते. पन तुमी त येऊनच नाई राहिले, म्हनून मी आली."

मी चहा मागवतो म्हणालो. तिनं नको म्हटलं.

"तेनं सांगून ठेवलं हाय," ती म्हणाली. "तेरवीले भजन झालं का बाबूले गोष्ट वाचाले सांगजो. ते गोष्ट, मासोळीची. टोलीतल्या समद्याइसमोर."

ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, कारण रागासमोर काय करायचं ते मला येतं, मी खाली मान घालतो.

"तुमी भेता, मले मालूम हाय," ती म्हणाली. "तेलेही मालूम होतं. तरी म्हनला, सांगजो."

ती गेली. तेव्हापासून मी हे तुला लिहितो आहे, दुपारच्या रिकाम्या वेळात, जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर.

आपली ओळख भांडणानं झाली होती, आठवतं? तुझ्या टोपलीतलं बर्फाचं पाणी शेजारच्या कापडाच्या गठ्ठ्यावर ठिबकलं आणि मी घाबरून तुझ्यावर ओरडलो. कापडवाला तक्रार करील, वर जाईल, माझी बदली होईल, एवढं सगळं मला त्या चार थेंबांत दिसलं होतं. तू शांतपणे गठ्ठा बाजूला केलास, गमछ्यानं पुसलास आणि म्हणालास, "झालं बाबू. कपडा हाय, मानूस नाई." त्या दिवशी गाडी दोन तास उशिरा होती. तू बाकावर बसलास, मी टेबलाशी. मी वहीत लिहीत होतो. तू विचारलंस, "काय लिवून राहिले? सरकारी?"

"नाही. गोष्ट."

"कोनाची?"

"सरोवरावरच्या कोळ्यांची."

"म्हंजे आमचीच ना!" तू बाक ओढून जवळ आलास. "वाचा मंग."

तोवर माझं लिखाण कोणी मागून घेतलं नव्हतं. परत पाठवणारे मात्र बरेच होते. आमच्या ख्रिस्ती मासिकाचे संपादक लिहायचे, गोष्ट बरी आहे पण आध्यात्मिक बोध स्पष्ट होत नाही. म्हणून मी एक गोष्ट नागपूरच्या दुसऱ्या, सगळ्यांच्या मासिकाला पाठवली, तर त्यांनी छापील चिठ्ठीच्या खाली हातानं लिहिलं की धार्मिक प्रचाराचं लेखन आम्ही घेत नाही. तीच गोष्ट होती, डोमा. एकाला तिच्यात देव दिसत नव्हता आणि दुसऱ्याला देवाशिवाय काही दिसत नव्हतं. आमच्या पाळकसाहेबांना दाखवली तर ते म्हणाले, देवाचं वचन पुरेसं आहे शमुवेल, तुझ्या मनातल्या कल्पना त्याला कशाला जोडतोस? हे वाक्य माझ्या आत खोल गेलं. प्रार्थनेला गुडघे टेकले की तेच वाक्य समोर यायचं. मला लिहायला प्रभूनं बोलावलं आहे की मी माझ्याच हौसेला त्याचं नाव लावतो आहे? आणि लावत असलो तर तो मला काय करील?

घरची शिकवणही तशीच. माझ्या वडलांनी गावच्या विहिरीवरून परत पाठवल्याचे दिवस पाहिले होते. ते म्हणायचे, आपण मूठभर लोक, खाली मान घालून नोकरी करायची, देवाला घरात हाक मारायची. लिहिणं म्हणजे मान वर काढणं. मी लिहायचो, पण मान खाली घालूनच, आणि कोणी जवळ आलं की वहीवर पावतीपुस्तक ठेवायचो. त्या दिवशी का कोण जाणे, ठेवलं नाही.

मी वाचलं. आमच्या उपदेशांतून ऐकलेल्या भाषेतच लिहिलं होतं सगळं. त्या कोळ्यांनी रात्रभर कष्ट केले, काही मिळालं नाही, सकाळी प्रभू काठावर आले आणि म्हणाले, पुन्हा जाळं टाका. तेव्हा त्यांची अंतःकरणं हर्षानं उचंबळून आली आणि त्यांनी तत्काळ जाळं टाकलं. एवढं वाचेपर्यंत तू हसू लागला होतास. इतका हसलास की हमाल बघायला आला.

"हर्षानं कोन टाकते गा?" तू म्हणालास. "रातभर पान्यात. मासा नाई एक. मंग जाळं धुतलं असन ना तेनं? गाळ काढला असन, काड्या येचल्या असन, फाटलं ते इनलं असन, वारवाले टाकलं असन. आंग आंबून गेलं. आन आता कोनी पावना येऊन म्हनते, पुन्हा टाक! मी असतो त शिवी देली असती."

"देवाला?"

"तेले काय मालूम का तो देव हाय?"

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. व्यासपीठावरून, रविवारच्या शाळेत, नाताळच्या नाटकात. पण धुतलेलं जाळं पुन्हा ओलं करायला किती जिवावर येतं, हे आजवर मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्यांपैकी कोणी जाळं धुतलंच नव्हतं.

"मग त्यानं का टाकलं?" मी विचारलं.

"लाजेनं," तू म्हणालास. "पावना काठावर उभा, चार मानसं पाहून राहिले. नाई म्हनाले जीभ नाई उठली तेची."

मी म्हणालो, विश्वासानं. तू म्हणालास, लाजेनं. त्या बाकावर बसून हे आपण किती वर्षं भांडलो! मी तुला समजावायचो की लाजेनं टाकलेल्या जाळ्यात देव मासे कशाला घालील. तू म्हणायचास, "तुझा देव जाळं पाहते का मन, ते तुलेच मालूम. मले इतकं मालूम हाय का जाळं पान्यात गेल्याबिगर मासा येत नाई." तोपर्यंत तू मला 'तू' म्हणू लागला होतास. टोलीतली माणसं बरोबर असली की 'तुमी' म्हणायचास, माझी सरकारी इज्जत ठेवायला.

मी ती गोष्ट पुन्हा लिहिली. सरोवर काढून टाकलं, तुझा तलाव घातला. कोळी काढून तुला घातलं. काठावर येणाऱ्या पाहुण्याला नाव दिलं नाही. तू मनातल्या मनात त्याला शिव्या देत डोंगा पाण्यात लोटतोस, धुतलेलं जाळं पुन्हा टाकतोस, मासे लागतात, इतके की डोंगा एका अंगाला झुकतो, आणि तू जाळं ओढायचं सोडून डोंग्यातच खाली बसतोस, कारण तू त्या माणसाला शिव्या दिल्या होत्यास. तिथं गोष्ट संपते. मी नाव बदलतो म्हणालो तर तूच नको म्हणालास. "नाव बदललं त मले कसं समजंन का मीच आहो?" म्हणालास.

आमच्या ख्रिस्ती मासिकाच्या संपादकांनी ती घेतली. अंक आला त्या दिवशी मी मार्थाला हाका मारत घरात शिरलो. माझं नाव छापलेलं होतं, शमुवेल, वरठी. तिनं वाचायला घेतलं आणि शेवटाला येऊन थांबली. "हे तुम्ही लिहिलंय?" म्हणाली. शेवटी एक परिच्छेद जास्तीचा होता. त्यात डोमाजीनं त्याच तलावात बाप्तिस्मा घेतला होता आणि त्याचं सगळं कुटुंब प्रभूच्या कळपात आलं होतं. बोध स्पष्ट झाला होता.

त्याच दिवशी मी संपादकांना पत्र लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. भांडलो तर ते पुढचं काही छापणार नाहीत, ही भीती. इतक्या वर्षांनी नाव छापून आलं होतं, ते हातचं जाईल, ही भीती. आणि आता जे सांगतो ते तुला मी कधीच सांगितलं नाही. बाकावर बसून मी तुला तो अंक वाचून दाखवला ना, तेव्हा तो परिच्छेद मी गाळला. तुला वाचता येत नव्हतं. तू डोंग्यात खाली बसतोस तिथं मी अंक मिटला आणि संपली म्हणालो. तू म्हणालास, "बराबर हाय. असाच बसलो असतो मी."

पुढचं तुला मालूम आहे, पण लिहितो. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहायला मला तोंड नाही.

टोलीतलं कोणी मिशनच्या दवाखान्यात गेलं होतं, तिथं बाकावर तो अंक पडलेला. वाचणाऱ्यानं वाचला, नाव ओळखलं. त्या वर्षी पेपरात धर्मांतराच्या कायद्याची चर्चा चालली होती, चहाच्या टपरीवर तेच बोलणं. तुमचा तलाव टोली मिळून ठेक्यानं धरायची, जाळं मिळून ओढायचं, वाटे मिळून पाडायचे. त्यातला एक माणूस चोरून दुसरीकडे गेला असं म्हटल्यावर लोक बिथरणारच. तुझे पंच बकारामजी आणि आणखी चौघे दुपारी स्टेशनवर आले. तू सगळ्यांच्या मागे होतास, गमछा हातात.

बकारामजींनी अंक खिडकीत ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाबू, डोमा म्हनते, गोष्ट तुमी लिवली, पन तेच्यात बाटल्याचं काही नोहोतं. तो म्हनते, बाबूले इचारा, बाबू खरं सांगन. म्हनून आलो. हे तुमी लिवलं का?"

तू माझ्याकडे बघून हसलास. निर्धास्त होतास तू.

मला फक्त सांगायचं होतं की हो, गोष्ट माझी आहे, शेवट माझा नाही, डोमा खरं बोलतो. तीन वाक्यं. माझ्या मागं स्टेशनमास्तरांच्या खोलीचं दार उघडं होतं. सरकारी नोकर लोकांना बाटवतो, असा एक अर्ज वर गेला की संपलं, हे मला एका क्षणात दिसलं. वडील दिसले. मार्था आणि मुली सामान बांधताना दिसल्या. आणि मी म्हणालो, "मी नाही लिहिलं. शमुवेल नावाची माणसं आमच्यात पुष्कळ आहेत."

बकारामजींनी मागं वळून तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघत होतास. हसू अजून तोंडावर होतं, पण त्यातलं तुझं काही उरलं नव्हतं. मग तू खाली बघितलंस आणि म्हणालास, "मंग मलेच समजलं नसन. बाबू म्हनते त तसंच असन."

एक पूर्ण वर्ष तुला तलावात उतरू दिलं नाही. तू टोलीला जेवण घातलंस, मगच तुला पुन्हा वाट्यात घेतलं. ते वर्ष तू एकट्यानं वैनगंगेवर काढलंस. पावसाळ्यात तिथं एकट्यानं जाळं टाकणं काय असतं ते तूच मला सांगितलं होतंस, हे सगळं व्हायच्या आधी.

मी वही चहाच्या शेगडीत घातली. लिहिलेलं सगळंच घातलं, नुसती ती गोष्ट नाही. प्रभूला म्हणालो, तुझ्यासाठी लिहायला निघालो आणि एका भल्या माणसाला बुडवलं, आता माझ्याकडून हे काम काढून घे. खरं सांगायचं तर मला सुटका हवी होती. न लिहिणाऱ्याला कोणी खिडकीत येऊन विचारत नाही. गुड फ्रायडेला देवळात त्या शिष्याची गोष्ट निघायची, अंगणात शेकोटीपाशी बसून ज्यानं आपल्या गुरूला ओळखत नाही म्हटलं, आणि मी हातातल्या गीतांच्या पुस्तकात डोळे घालून बसायचो. पण त्याला रडल्यावर गुरूनं पुन्हा काम दिलं. मी नुसता रडलो.

आणि तू, खिडकीतल्या त्या दिवसानंतर चौथ्याच दिवशी, टोपली घेऊन आलास. नदीची मासळी होती, थोडीच. मी तुला लांबून बघितलं आणि मागच्या खोलीत गेलो. तू खिडकीतून हाक मारलीस, "बाबू, पावती!" यावंच लागलं. पावती घेऊन तू कमरेला खोचलीस आणि विचारलंस, "नवीन काय लिवलं?"

मला वाटलं तू टोमणा मारतोस. तसं असतं तर मी सहन केलं असतं. पण तू खरंच विचारत होतास.

"काही नाही," मी म्हणालो.

"लिव गा," तू म्हणालास आणि गाडीकडे गेलास.

आठवड्यातून दोनदा, तीनदा. सात-आठ वर्षं. स्टेशनापलीकडे कारखान्याचं बांधकाम सुरू झालं, सायकलींनी फाटक भरून जाऊ लागलं, माझ्या मुली मोठ्या झाल्या, तुझे केस पिकले, आणि तू विचारतच राहिलास. मी काही नाही म्हणतच राहिलो. मला कधीकधी तुझा राग यायचा, डोमा. वाटायचं, हा मला सुखानं मेलेलं का राहू देत नाही? एकदा झड लागली होती, गाडी अडकली होती, फलाटावर आपण दोघेच. मी सगळा जीव गोळा केला आणि म्हणालो, "डोमा, त्या दिवशी खिडकीत..." तू लगेच उठलास. "बरफ इरघरून राहिला, बाबू. आधी टोपली सावलीले घेतो." ऊन नव्हतंच त्या दिवशी. तुला ऐकायचं नव्हतं की मला बोलायला लावायचं नव्हतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माफ कर, एवढंच म्हणायचं होतं. ते राहिलं, आणि आता ते कुठं ठेवायचं मला कळत नाही.

कौशीवहिनी गेल्यावर मी अंक शोधला. मार्थानं पेटीच्या तळाशी ठेवला होता. पण त्यात तो शेवट. तो टोलीसमोर वाचणं शक्य नाही आणि माझी वही तर राख होऊन गेली. म्हणजे गोष्ट पुन्हा लिहायला हवी. पहिल्या दुपारी मी फॉर्मच्या मागच्या बाजूला एक ओळ लिहिली आणि दचकून खिडकीकडे बघितलं. कोणी नव्हतं. दुसऱ्या दुपारी तीन ओळी. त्या वाचून बघितल्या तर पुन्हा तीच उपदेशाची भाषा, हर्षानं उचंबळलेली. भ्यालेला माणूस लगेच देवळाच्या भाषेत शिरतो, तिथं त्याला कोणी काही विचारत नाही. फाडून टाकलं. आठ वर्षांत हात असा आखडला होता की मला वाटलं, देवानं माझं म्हणणं ऐकलं होतं, काम खरंच काढून घेतलं होतं.

पाळकसाहेबांना कुठून तरी कळलं. ते म्हणाले, तेरवीला जाणं, तिथलं जेवणं, विचार कर शमुवेल, आपल्या चर्चच्या मंडळीत बोलणं होईल. मी मार्थाला म्हणालो, पुढं कधीतरी कौशीवहिनीला एकटीला भेटून येऊ. ती भाकरी थापत होती. तव्याकडे बघतच म्हणाली, "नका जाऊ. मी काही बोलणार नाही. पण न गेलेले तुम्ही रोज दिसाल ना मला."

तिसऱ्या दुपारी मी देवाला काही मागितलं नाही. तुला विचारलं. डोमा, जाळं धुऊन झाल्यावर पुन्हा पाण्यात उतरताना पहिल्यांदा काय गार लागतं? मला तुझं उत्तर ऐकू आलं असं म्हणणार नाही, मी तसल्या गोष्टी लिहीत नाही. पण तू बाकावर बसून जे जे सांगितलं होतंस ते एकेक आठवत गेलं, आणि मी ते उतरवत गेलो. दोन दुपारी गेल्या. शेवटी तू डोंग्यात खाली बसलास तिथं थांबलो.

उद्या सोमवार.

डोमा, सोमवार झाला.

सायकल टोलीच्या वळणावर आली तेव्हा मी उतरलो आणि उगाच चेन बघत उभा राहिलो. चेन ठीक होती. भजनाचा आवाज येत होता. मांडवात गेलो. बकारामजी खाटेवर बसले होते, आता फार थकलेत, एका डोळ्यानं दिसत नाही त्यांना. भजन संपलं. कौशीवहिनीनं माझ्याकडे बघितलं.

मी उभा राहिलो. कागद हातात घेतले. वाचायच्या आधी म्हणालो, "बकारामजी, ती गोष्ट मीच लिहिली होती. शेवटचं ते बाटल्याचं माझं नव्हतं. डोमा खरं बोलला होता. मी खोटं बोललो. भ्यालो होतो मी."

चुलीवर भाताचं भांडं होतं, तिथली बाई झारा हातात धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं आता कोणी तरी उठेल. कोणी उठलं नाही.

"मालूम होतं," बकारामजी म्हणाले. "खिडकीतच मालूम झालं. हात कापून राहिला होता तुमचा."

"मग डोमाला का..."

"तो म्हनला ना, बाबू म्हनते तसंच असन. तेनं तुमाले वाचवाचं ठरवलं. मंग आमी कोन मोडनार? पन डाग त तेच्यावरच राहिला ना. दंड घेतल्याबिगर तेले कसा सोडाचा?" मग म्हणाले, "तुमी एक शब्द बोलले असते बाबू, त डोमाचं ते साल वाचलं असतं."

"हो," मी म्हणालो.

"आता वाचा."

मी वाचलं. मागून कोणीतरी मोठ्यानं वाचा म्हणालं. पाहुणा पुन्हा जाळं टाक म्हणतो तिथं मागची दोन-तीन माणसं हसली आणि एका म्हातारीनं त्या पाहुण्याला चांगली सणसणीत शिवी दिली. संपल्यावर कोणी वाहवा केली नाही. एकानं विचारलं, डोंगा झुकला तवा दुसऱ्या अंगाले कोन होतं? कोणीच नव्हतं म्हणालो, तर तो म्हणाला, मंग उलटला असता, तेवढं सुधरून घ्या. मग पंगत बसली. बकारामजींनी मला त्यांच्या शेजारी बसवलं नाही. कौशीवहिनीनं वाढलं, मी जेवलो.

तुला वाटत असेल, आता याची भीती गेली. नाही गेली. तेरवीनंतरच्या रविवारी मंडळीत दोघांनी माझ्याशी हात मिळवला नाही. टोलीबाहेरचं कोणी तेरवीला होतं का, अर्ज गेला असेल का, हे मी फलाटावर चालताना मोजत असतो. बकारामजींचं ते वाक्य तर आता माझ्याबरोबरच राहणार, आणि ते खरं आहे.

पण डोंग्याचं सुधारून घेतलं. गोष्ट स्वच्छ अक्षरात उतरवली आणि हे तुला लिहिलेलंही तिच्यामागं जोडलं. त्याच संपादकांना पाठवतो आहे. वर चिठ्ठी लावली आहे, छापायचं तर असंच छापा, एक ओळही वाढवू नका, नाहीतर परत पाठवा. ते परत पाठवतील याची भीती वाटते आणि छापतील याची त्याहून जास्त वाटते. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहायला दोनदा बसलो. आता लिहिलं आहे, पुरं नाव, हुद्दा, स्टेशन, सगळं. अक्षर वाकडं आलंय. असू दे, डोमा. भीत भीत लिहिलं, पण मीच लिहिलं.